फाटकाचा इंटरवल

पडद्यावरच्या बाईने दाराच्या कडीला हात घातला आणि तेवढ्यात थिएटरातले दिवे लागले. दाराबाहेर कोण उभं आहे ते काही दिसलं नाही. पडद्यावर काचेवर रंगवलेली पाटी आली, ‘रीळ येत आहे. जागा सोडू नये.’ दुसऱ्या गावात शिट्ट्या पडल्या असत्या, इथे कोणी हूं की चूं केलं नाही. आमच्या पुढच्या बाकावरच्या बाईने पिशवीतून मेथीची जुडी काढली आणि ती निवडायला बसली.

“फाटक पडलं,” कुमुद म्हणाली.

हे फाटक काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. बोरदड हे माझ्या मामाचं गाव. कॉलेजसाठी मी मामाकडेच राहत होते. गावात टॉकीजा दोन, स्टेशनाकडची प्रकाश आणि बाजारातली सरोज, पण दोघींचा मालक एक आणि तो पक्का वाणी, म्हणजे आमच्यातलाच. नवा पिक्चर आला की तो दोन्हीकडे लावायचा आणि रिळांच्या पेट्या मात्र एकाच टॉकीजपुरत्या मागवायचा. प्रकाशला खेळ आधी सुरू व्हायचा. तिथलं रीळ संपलं की नामदेव ते सायकलवर टाकून सरोजला आणायचा, मग आमच्याकडे तो भाग लागायचा. मध्ये रेल्वेचं फाटक. मालगाडी उभी राहिली की नामदेव फाटकाच्या पलीकडे आणि आम्ही अलीकडे. खरा इंटरवल वेगळा, तो पाटीवर ‘मध्यंतर’ असं लिहून यायचा. याला लोक नुसतं फाटक म्हणत. फाटकाला कोणी उठत नसे, कारण रीळ कधी येईल याचा नेम नाही आणि बाकांवर नंबर नाहीत. उठला तो जागेला मुकला.

त्या दुपारी मला मात्र पिक्चरमध्ये काही रस नव्हता. माझ्यावर कामगिरी होती.

कुमुद माझी मामेबहीण, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, आणि उंच. उंच म्हणजे आमच्या समाजात लग्नाला अडचण होईल इतकी उंच. बघायला आलेली मुलं चहा येईपर्यंत ठीक असत, ती ट्रे घेऊन उभी राहिली की त्यांचे चेहरे बदलत. एका मुलाच्या काकांनी तर तिला दाराच्या चौकटीला टेकून उभं राहायला सांगितलं होतं आणि खिशातून पेन काढून चौकटीवर खूण केली होती. मामांनी ती खूण दुसऱ्या दिवशी रंग लावून बुजवली. तेव्हापासून कुमुदने जाहीर केलं की ती आता ट्रे घेऊन कोणासमोर जाणार नाही, घरात राहील, दुकानात बसेल, काय वाटेल ते करेल. मामी रडली, मामा रागावले, तिने काही ऐकलं नाही.

मग येवले गुरुजींनी धुळ्याचं स्थळ आणलं. मधुकर अमृतकर, वीज बोर्डात नोकरी, आणि स्वतःच सहा फूट. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा शक्कल लढवली. मुलीला काही सांगायचं नाही. मुलगा गुरुजींबरोबर सरोजच्या बाल्कनीत बसेल. इंटरवलला आपली मुलगी सोड्याच्या गाडीपाशी उभी असेल, केसात पिवळा डेलिया, म्हणजे ओळख पटेल. मुलगा लांबून बघेल, पसंत पडली तर पुढचं. मामीने मला कोठीघरात नेऊन देवाची शपथ घातली. कुमुदला कळता कामा नये, फूल तिच्या डोक्यात राहिलं पाहिजे आणि इंटरवलला ती गाडीपाशी पोचली पाहिजे. “एवढं कर रजे,” मामी म्हणाली, “हे स्थळ गेलं तर ही पोर उभ्या जन्मात कोणासमोर यायची नाही.”

हे मलाही दिसत होतं. कुमुद माझ्यासाठी बहिणीपेक्षा जास्त होती, आणि त्या चौकटीवरच्या खुणेचा मला तिच्याइतकाच राग होता. म्हणून मी निघताना स्वतःच्या हाताने डेलिया तिच्या वेणीत खोवला. पण पिक्चर सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल नसेल, तिने अंधारात ते फूल उपसलं आणि माझ्या केसात घातलं. “मानेला टोचतंय,” ती म्हणाली, “तुलाच शोभतं.” मी म्हटलं ठीक आहे, इंटरवलच्या आधी परत घालू. भांडायला बसले असते तर तिला संशय आला असता.

आणि आता फाटक पडलं होतं.

“रजे, माझ्या घशाला कोरड पडली,” कुमुद म्हणाली. “एक लिंबू सोडा आण ना.”

“आत्ता? फाटकाला?”

“जा, मी जागा धरते.”

तिने माझ्या जागेवर रुमाल पसरला. मला वाटलं बरंच झालं. फाटकाला बाहेर कुत्रं नसतं, मुलगा तर इंटरवलला यायचा. सोडा पाजून हिला खूश ठेवली तर पुढे ऐकेल. मी उठले.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. बाबूलाल सोडेवाला गाडीखाली पोतं टाकून झोपला होता, फाटकाला गिऱ्हाईक नसतं हे त्यालाही ठाऊक. गाडीपाशी एकच माणूस उभा होता. पांढरा शर्ट, हातात घडी केलेला रुमाल, आणि चेहरा असा की आपण चुकीच्या लग्नाला आलोय की काय. मी बाबूलालला हाक मारली तसा तो माझ्याकडे वळला.

“हा इंटरवलच आहे ना?” त्याने विचारलं.

“नाही. फाटक आहे.”

“कुठलं फाटक?”

मी त्याला सगळं सांगितलं, मालक, नामदेव, मालगाडी. तो लक्ष देऊन ऐकत होता आणि हळूहळू हसू लागला. मुलं बघायला येतात तेव्हा कशी हसतात ते मी पडद्याआडून पुष्कळदा पाहिलं होतं. हे तसलं नव्हतं, त्याला खरोखर गंमत वाटत होती.

“म्हणजे ज्याला माहीत नाही तोच बाहेर येतो,” तो म्हणाला. “मग तुम्ही कशा आलात?”

“माझी जागा धरलीय.”

बाबूलालने डोळे चोळत गोटी दाबून बाटली फोडली. त्या माणसाने स्वतःसाठीही एक घेतली. मग विचारलं, दाराबाहेर कोण असेल असं वाटतं. मी म्हटलं, तिचा नवरा, नाहीतर पोस्टमन. तो म्हणाला, त्याला वाटतं कोणीच नसेल, वाऱ्याने दार वाजलं असेल. मी म्हटलं, असला पिक्चर कोण काढेल. आणि आम्ही दोघं उन्हात उभे राहून त्यावर वाद घालत बसलो. मी एवढं परक्या माणसाशी कधी बोलले नव्हते. मला हे माणूस आवडलं, हे आज सांगायला हरकत नाही. आवडलं म्हणजे काय झालं ते तेव्हा कळलं नाही, एवढंच कळलं की बाटली रिकामी झालेली आहे आणि मी ती तशीच धरून उभी आहे, आणि कुमुदसाठी सोडा घ्यायचाच राहिला आहे. तेवढ्यात आत आवाज सुरू झाला आणि मी दुसरी बाटली घेऊन पळाले.

“कोण होतं दाराबाहेर?” मी बसता बसता विचारलं.

“कोणी नाही,” कुमुद म्हणाली. “वारा.”

खऱ्या इंटरवलला मी डेलिया तिच्या केसात पुन्हा घातला. या वेळी तिने मुकाट घालून घेतला. आम्ही गाडीपाशी गेलो, तिथे आता मुंग्यांसारखी गर्दी होती. कुमुद सगळ्यांच्या वर दिसत होती, तेवढं बरं होतं. मी गुरुजींना शोधत होते. ते बाल्कनीच्या जिन्याच्या दाराशी दिसले आणि त्यांच्याशेजारी तो पांढरा शर्ट होता, चांगला सहा फूट, आणि मघाशी गाडीपाशी माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं. गुरुजी त्याला आमच्याकडे बोट करून दाखवायला बघत होते आणि तो त्यांच्या हातावर हात ठेवून मान हलवत होता. आपण बघितलं, आता नको, असं काहीतरी तो सांगत असावा. गुरुजी गावचे, ते फाटकाला उठलेच नव्हते. तो एकटा आला होता, आणि त्याने पिवळा डेलिया पाहिला होता तो माझ्या केसात.

उरलेला पिक्चर मी नुसता डोळ्यांपुढून जाऊ दिला. शेवट काय झाला ते विचाराल तर मला आजही सांगता येणार नाही.

तिसऱ्याच दिवशी गुरुजी निरोप घेऊन आले. मुलगी पसंत आहे, मुलगा खूश आहे, घरची माणसं घेऊन रीतसर येतो म्हणाला.

मला काय करावं ते सुचेना. सांगावं तर कुमुदला आलेला पहिला होकार माझ्या तोंडाने परत जाणार. न सांगावं तर तो येऊन भलतीच मुलगी बघणार आणि मग ती चौकटीवरची खूण काहीच नाही असं होणार. आणि या सगळ्याच्या खाली एक चोरटी गोष्ट होती, पसंत मी पडले होते. त्याचा आनंद होत होता आणि आनंद झाल्याची लाज वाटत होती. संध्याकाळी मनाशी ठरवून मी मामांपुढे जाऊन उभी राहिले, तर ते पेढ्यांचा पुडा सोडत होते. पहिला पेढा त्यांनी कुमुदच्या तोंडात घातला. कुमुदला रडू फुटलं. ती कधी रडायची नाही, खुणेच्या दिवशीही रडली नव्हती. मामी म्हणाली, आनंदाचे आहेत, रडू दे. मी माझ्या वाट्याचा पेढा घेतला आणि आत गेले.

अमृतकर मंडळी आली तेव्हा कुमुदने ट्रे धरायला नकार दिला आणि तो मानलाही गेला, कारण पसंती तर झालीच होती. ट्रे माझ्याकडे आला. कुमुद सतरंजीवर बसली होती, मान खाली, केसात डेलिया. मामीने तो हौसेने घातला होता, त्याच फुलाने लग्न जमलं म्हणून.

मधुकररावांनी तिच्याकडे पाहिलं. मग मी कप पुढे केला तेव्हा माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा त्या फुलाकडे. माणूस गोंधळला की काहीतरी पाडतो, सांडतो, यांनी कप बशीत नीट ठेवला. त्यांचे वडील साखरपुड्याची तारीख विचारत होते, आई पिशवीतून साडी आणि नारळ काढत होती. मी ट्रे घेऊन भिंतीला टेकले. आता तोंडातून एक शब्द निघाला की संपलं, एवढंच मला कळत होतं. कोणाचं संपलं ते कळत नव्हतं.

“तुमच्याकडे पिक्चरला इंटरवल किती असतात?” त्यांनी कुमुदला विचारलं.

सगळे हसले. मुलगा मोकळा आहे म्हणून मामांना बरं वाटलं.

“एकच,” कुमुद म्हणाली. मान वर न करता.

ते माझ्याकडे वळले. “हो का?”

त्यांनी ते सहज विचारलं होतं की माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं, हे मी पुढे किती वर्षं घोळवलं असेल देव जाणे. तेव्हा मला फक्त कुमुदची मान दिसत होती. एवढी उंच मुलगी, आणि ती अंग चोरून इतकी लहान झाली होती की सतरंजीवर एखादं पोर बसवल्यासारखी दिसत होती.

“एकच,” मी म्हणाले. “फाटक आम्ही मोजत नाही.”

त्यांनी बशीतला कप उचलला. मग म्हणाले, “मग माझीच मोजणी चुकली.”

यावर मामांनी पाहुण्यांना फाटकाची सगळी हकीकत रंगवून सांगितली, मालकाच्या चिकटपणासकट. ती संपेपर्यंत नारळ कुमुदच्या ओटीत पडला होता.

मधुकरराव का उठून गेले नाहीत, मला माहीत नाही. आईवडिलांसमोर तोंड उघडवलं नसेल. कुमुदची दया आली असेल. किंवा तिच्याकडे बघता बघता ती खरंच आवडली असेल, तसंही घडतं. मला एवढंच माहीत आहे की त्यांचा संसार चांगला झाला. मी जळगावला शिक्षिका झाले, माझंही लग्न झालं, नवरा सरळ माणूस. भावजी आमच्याकडे यायचे, आम्ही त्यांच्याकडे जायचो. ते माझ्याशी नेहमी नीट वागले, जरा जास्तच नीट. सोड्याचा विषय दोघांपैकी कोणी कधी काढला नाही. त्यांच्या अंगणात डेलियाच्या कुंड्या असत. कुमुद एकही फूल केसात घालत नसे, मानेला टोचतं म्हणायची.

सरोज टॉकीज बंद पडून पुष्कळ वर्षं झाली. आता तिथे मंगल कार्यालय आहे. मागच्या वर्षी मामांच्या नातवाचं, म्हणजे कुमुदच्या भाच्याचं, लग्न तिथेच होतं. पडदा होता तिथे नवरा-नवरीच्या खुर्च्या, बाल्कनीत वऱ्हाडाचं सामान. मालकाच्या मुलाने सगळं बदललं पण फरशी उकरायचा खर्च वाचवला, त्यामुळे थिएटरचा उतार तसाच आहे. जेवणाची टेबलंही उतरती, आणि ताटातलं वरण पडद्याच्या बाजूला वाहत जातं. रेल्वेवर पूल झाला. फाटक राहिलं नाही.

कुमुद आणि मी शेजारी जेवायला बसलो होतो. भावजींना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी म्हटलं, बायकांचे बाक इथेच कुठेतरी होते. तिने बोटाने अचूक जागा दाखवली.

“रजे, मला तेव्हा सगळं माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय माहीत होतं?”

“आई तुला कोठीघरात शपथ घालत होती. मी दाराआड होते.”

मी घास तसाच धरला.

“मला परत कोणाचा नकार नको होता गं,” ती पुढे बोलू लागली, अगदी सावकाश, वाढपी ऐकणार नाहीत असं. “म्हटलं, या वेळी दुसरी कोणी उभी राहू दे. तुला बघून नाही म्हणाला तर तुला काय फरक पडणार होता, तू कॉलेजातली. म्हणून फूल तुला घातलं. बाहेरगावचा माणूस फाटकाला उठणार हे मला ठाऊक होतं. म्हणून तर सोडा आणायला लावला.”

“आणि होकार आला.”

“होकार आला. बाबांनी पेढे आणले. मी काय बोलणार होते? मला वाटलं, तू बोलशील. ते विचारत होते तेव्हा मी श्वास धरून बसले होते, आता रजी सांगते, आता सांगते. आणि तू म्हणालीस, फाटक आम्ही मोजत नाही. तेव्हाच मला कळलं तुझ्या मनात काय होतं. नसतं काही, तर तू हसून सांगितलं असतंस.”

इतकी वर्षं मी समजत होते की हे फक्त मला माहीत आहे. आता पाहिलं तर ते तिघांनाही माहीत होतं आणि तिघंही एकाच घरात चहा पीत बसलो होतो. मला रागवावं की तिला जवळ घ्यावं ते कळेना. वरण वाहत चाललं होतं आणि मी भाताचा बांध घालत होते, तेवढंच हाताला सुचत होतं.

“जाऊ दे,” मी म्हणाले. “फाटक कोण मोजतं गं?”

“मी मोजलं,” कुमुद म्हणाली. “आणि त्यांनीही. नाहीतर दरवर्षी कुंड्यांत पिवळाच रंग कशाला आणला असता?” ती थांबली. “ते फार चांगले होते. पण मी आपली नुसती जागा धरून बसले होते असं वाटायचं. तू सोडा घेऊन येशील, मग मी उठेन.”

माझ्या पलीकडच्या खुर्चीपाशी एक बाई ताट घेऊन आली आणि इथे कोणी आहे का म्हणून विचारलं. मी नाही म्हणाले. मग कुमुदचा हात धरला, तो खरकटा होता, माझाही होता.

“तू जागा धरली नव्हतीस,” मी म्हणाले. “तू बसली होतीस. आमच्याकडे जो बसला त्याची जागा.”

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला ते पटलं की नाही, मला सांगता यायचं नाही. वाढपी जिलेबी घेऊन आला आणि तिने दोघींच्या ताटात वाढायला सांगितली.